पाण्यात सांधा नको

मी वीसेक वर्षं समुद्र ओतायचं काम केलं. समुद्र, खाड्या, तळी, पोहायचे तलाव, क्वचित एखादं कारंजं. आपल्या मंडळाच्या दिवाळी अंकासाठी स्मिताताईंनी "तुमच्या नोकरीबद्दल काहीतरी लिहा ना" म्हणून फोन केला, तेव्हा मी त्यांना हेच वाक्य ऐकवलं. मग त्या हळूच म्हणाल्या, "रझियाताई, कविता नको हां. कविता भरपूर आल्यात." तेव्हा आधी धंदाच समजावून सांगते.

दुबईत फ्लॅट बघायला गेलेल्या प्रत्येकाने आमचं काम पाहिलेलं असतं. सेल्स ऑफिसात शिरलं की मधोमध भलंमोठं टेबल, आणि त्यावर अख्खी वसाहत: वीतभर इमारती, खिडक्यांत दिवे, नखाएवढ्या गाड्या, कडेने झाडं आणि समोर निळंशार पाणी. याला मॉडेल म्हणतात. नवरा-बायको काचेवर नाक टेकवून आपला मजला शोधतात, आणि सेल्सवाला "प्लीज, डोन्ट टच" म्हणत मागे उभा असतो. ही मॉडेलं बनवणारा आमचा कारखाना शारजाच्याही पलीकडे, उम्म अल कुवैनच्या इंडस्ट्रियल एरियात होता. एका बाजूला गॅरेज, दुसऱ्या बाजूला ॲल्युमिनियमच्या खिडक्यांचं वर्कशॉप. मी राहायला दुबईतल्या करामा भागात. सकाळी कंपनीची व्हॅन मेट्रो स्टेशनजवळून उचलायची. सगळी दुनिया शारजाहून दुबईकडे येताना रस्त्यात अडकलेली, आणि आम्ही उलट दिशेने सुसाट. त्या एका सुखासाठी मी नोकरी टिकवली असं माझी मुलगी सना म्हणते, आणि ते अगदीच खोटं नाही.

कारखान्यात इमारती करणारे वेगळे, वायरिंगवाले वेगळे. खालचा लाकडी पाट आणि डोंगर-उतार करायचे इक्बालभाई, सियालकोटचे सुतार. माझ्याकडे हिरवं आणि निळं खातं, म्हणजे झाडं आणि पाणी. झाड करायचं म्हणजे तांब्याच्या बारीक तारा पिळून खोड आणि फांद्या काढायच्या, त्यावर गोंद, आणि वरून रंगवलेल्या स्पंजचा चुरा. हा चुरा आम्ही घरगुती मिक्सरमध्ये दळत असू. एकदा कारखान्याचा मिक्सर जळाला म्हणून मी घरचा नेला होता. पुढे महिनाभर माझ्या घरातल्या चटणीकडे सगळे संशयाने बघत होते.

पाणी मात्र कठीण. रेझिन आणि त्याला घट्ट करणारा दुसरा द्रव मापात मिसळायचे, थेंबभर रंग टाकायचा आणि रंगवलेल्या तळावर पातळ थर ओतायचा. बुडबुडे आले तर वरून गॅसची ज्योत फिरवायची. धूळ नको, वारा नको, कोणी शिंकायचंसुद्धा नाही. एकदा ओतलं की खलास, परत उचलता येत नाही. म्हणून माझ्या खोलीचं दार बंद असलं की आमचे मालक जॉर्जसाहेबसुद्धा बाहेर थांबत. करामातल्या माझ्या घरात असा मान मला कधी मिळाला नाही.

गिऱ्हाइकं एकेक नग. एक बिल्डर मॉडेल बघून म्हणाला, "मॅडम, समुद्र थोडा जवळ घ्या ना." मी म्हटलं, "सर, समुद्र सरकारी आहे." जॉर्जसाहेबांनी टेबलाखालून माझ्या पायावर पाय दिला. शेवटी समुद्र चार बोटं जवळ आला. दुसऱ्या एक बाई होत्या, व्हिला बुक केलेल्या. त्यांना शेजारच्या खिडकीतून आपलं किचन दिसेल अशी धास्ती. त्यांच्यासाठी मी मधे एक मोठं कडुनिंबाचं झाड लावून दिलं. त्या इतक्या खूश झाल्या की जणू झाड उगवलंच.

वाईट वाटायचं ते एकाच गोष्टीचं. फ्लॅट विकले गेले की मॉडेलचं काम संपलं. एकदा वर्कशॉपच्या मागे कचऱ्याच्या मोठ्या पेटीत मी माझीच एक खाडी पाहिली, उभी खोचलेली, आणि तिच्या सावलीत एक मांजर झोपलेलं. काही वसाहती तर बांधल्याच गेल्या नाहीत. कुठेच नसलेले कितीतरी समुद्र मी ओतलेत. आमचा सगळा धंदा पुढे होणाऱ्या गोष्टींचा. होऊन गेलेली गोष्ट मागायला कधी कोणी आलं नाही. अपवाद एकाच म्हाताऱ्याचा, आणि हा लेख खरं तर त्याच्यासाठीच लिहितेय.

त्याचं नाव आर्ने. नॉर्वेचा माणूस. जहाजांच्या इंजिनांवर काम करता करता दुबईत आला आणि इथेच म्हातारा झाला. मुलीसाठी फ्लॅट बघायला गेला असताना त्याने सेल्स ऑफिसात मॉडेल पाहिलं आणि विचारत विचारत स्वतः गाडी चालवत आमच्याकडे आला. उंच, वाकलेला, हातात नकाशांची नळकांडी. जॉर्जसाहेबांनी विचारलं, "कुठला प्रोजेक्ट?" तो म्हणाला, "प्रोजेक्ट नाही. माझं गाव आहे. म्हणजे होतं."

मग कडक चहावर त्याने सांगितलं. त्यांच्याकडे कोम्यून असते. आपल्या ग्रामपंचायतीपेक्षा मोठी, तालुक्यापेक्षा लहान. स्वतःची शाळा, स्वतःचे रस्ते, निवडून दिलेली स्वतःची सभा. त्याची कोम्यून म्हणजे डोंगरांत शिरलेली समुद्राची एक लांबट, अरुंद खाडी आणि तिच्या दोन्ही काठांवर लांब लांब विखुरलेली शेतघरं. गवत, मेंढ्या आणि मासे यांवर सगळ्यांचं पोट. दक्षिण काठावर चर्च. उत्तर काठावर शाळा आणि दुकान, आणि दुकानाच्या माडीवर कोम्यूनची कचेरी. म्हणजे देवाकडे जायचं तरी होडी, आणि सरकारकडे जायचं तरी होडी. लग्नाचं वऱ्हाड होड्यांतून, पुढच्या होडीत व्हायोलिनवाला. सभेच्या दिवशी वारा सुटला की दक्षिणेचे सभासद पलीकडेच अडकायचे, आणि उत्तरेचे घाईघाईने आपल्या बाजूच्या रस्त्याचा ठराव पास करून घ्यायचे. आर्नेचा बाप उत्तरेचा सभासद. "माझे वडील आकाशाकडे बघून अजेंडा ठरवायचे," असं सांगताना तो मनापासून हसला.

आर्ने लहान असतानाच सरकारने ठरवलं की एवढ्याशा कोम्यूनी चालवणं परवडत नाही, त्या मोठ्यांत मिसळायच्या. तोवर दोन्ही काठांना रस्ते झाले होते. कागदावर रस्ते ठळक, आणि मधे निळा रिकामा पट्टा. उत्तर काठ एका शहराला जोडला, दक्षिण काठ दुसऱ्याला. शतकभराहून जास्त ज्या पाण्याने गाव एकत्र धरलं होतं तेच पाणी हद्द झालं. माणसं कमी म्हणून पुढे तर, म्हणजे खाडीपार ने-आण करणारी होडीही, बंद पडली.

त्याच्या थोरल्या बहिणीचं, गुद्रूनचं, नुकतंच लग्न होऊन ती पलीकडे, चर्चच्या काठाला गेली होती. माहेर समोर दिसायचं, पण जायचं तर खाडीच्या टोकाला वळसा घालून अर्धा दिवस. आई दर रविवारी कुंपणावर लाल घोंगडी टाकायची. घोंगडी दिसली की पलीकडे लेकीला समजायचं, घरी सगळं ठीक आहे.

"आता तिला दिसत नाही," आर्ने म्हणाला. "नजर गेली. मागच्या वर्षी मला म्हणाली, आर्ने, मला पलीकडचा काठ हरवलाय. या उन्हाळ्यानंतर ती वृद्धाश्रमात जाईल, शहरात. त्याआधी मला तो तिच्या हाताखाली द्यायचाय."

मी रत्नागिरीकडची, खाडीकाठची. माझी आपा, म्हणजे थोरली बहीण, खाडीपलीकडे दिली होती. लांबवर मोठा पूल झाला, सगळ्यांनी पेढे वाटले, आणि आमच्या धक्क्यावरची तर बंद झाली. त्यानंतर आपाकडे जायचं तर दोन एस्ट्या बदलून. तेव्हा आर्नेची गोष्ट मला नकाशाशिवाय समजली. मी जॉर्जसाहेबांना म्हटलं, "सर, हे काम मी करणार. बाकी समुद्र थांबू देत."

मॉडेल हात लावण्यासाठी, म्हणजे आमचं सगळं शास्त्रच उलटं. एरवी मी झाडं दिसायला करायची. ही झाडं बोटांखाली तुटायला नकोत, टोचायला नकोत. बर्च वेगळं लागलं पाहिजे आणि पाइन वेगळं. घरांची छपरं गवताची म्हणून मी मखमलीच्या फाटक्या पट्ट्या चिकटवून बघितल्या. शेतांच्या दगडी बांधांना खरी बारीक खडी. मी डोळे मिटून हात फिरवत बसलेली असायची आणि वायरिंगवाली पोरं एकमेकांना कोपरखळ्या मारायची.

पण आमच्या धंद्याचा एक जुना नियम आहे. मोठं मॉडेल दारातून जात नाही, म्हणून पाट तुकड्यांत करायचा आणि जागेवर जोडायचा. हा सांधा डोंगरातून काढला तर एकावर एक बसवलेले थर जुळता जुळत नाहीत. पाणी सपाट, सरळ कापलं की सरळ जुळतं, वर लाटेची एक रेघ ओढली की डोळ्याला पत्ता लागत नाही. त्यामुळे सांधा टाकायचा तर पाण्यात, हे आमच्याकडे नव्या माणसाला पहिल्याच आठवड्यात शिकवत. इक्बालभाईंनी तेच केलं आणि मलाही त्यात काही वावगं दिसलं नाही. लांबट खाडी मधोमध चिरली. उत्तर काठ एका टेबलावर, दक्षिण काठ दुसऱ्या टेबलावर, मधे माणूस जाईल एवढी वाट. पाणी ओतायचं फक्त बाकी होतं.

आर्ने बघायला आला. चर्च ओळखलं, दुकान ओळखलं, बापाचं घर बघून तोंडावर हात ठेवला. मग तो दोन टेबलांच्या मधल्या वाटेत शिरला आणि थांबला. डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं.

"तुम्हीसुद्धा तिथेच कापलंत," एवढंच म्हणाला.

रागावला असता तर बरं झालं असतं. जॉर्जसाहेब समजावायला लागले की जोडल्यावर काही दिसणार नाही, वी गॅरंटी. आर्नेने मान हलवली. त्याने हवेतच तर्जनी चालवून दाखवली, दक्षिण काठावरच्या चर्चच्या पायरीपासून उत्तर काठावरच्या बापाच्या होडीघरापर्यंत. "गुद्रून अशी जाणार," तो म्हणाला. "सगळ्यात आधी हीच वाट. आणि बरोब्बर मधे तिचं नख अडकेल."

तो गेला. जॉर्जसाहेब वैतागून फेऱ्या मारत होते. क्रेट सांगून ठेवलेले, जहाजाचं बुकिंग झालेलं. "रझिया मॅडम, दिस इज टू मच. कौन देखेगा जॉइंट?"

"देखने के लिए नहीं है, सर. हाथ लगाने के लिए है."

"तो अब क्या? पूरा एक पीस? दरवाजा तोडूं?"

मी इक्बालभाईंकडे बघितलं. ते टेबलावर बूड टेकवून दाढी खाजवत होते. मला ते ताई या अर्थी बाजी म्हणत. म्हणाले, "बाजी, बहन किस तरफ बैठी है?"

"चर्चकडे. दक्षिणेला."

"और जाना सामने है. सीधा." त्यांनी आर्नेचा नकाशा पसरला, कानामागची पेन्सिल काढली आणि पाण्याच्या पट्ट्यावर आडवी ठेवली, काठापासून काठापर्यंत. "तो लंबा क्यों काटा हमने? आडा काटते हैं. तीन पीस. हर पीस में दोनों किनारे, बीच में पानी. बहन की उंगली जॉइंट के साथ साथ जाएगी, ऊपर से नहीं."

मी आणि जॉर्जसाहेब त्या पेन्सिलीकडे बघत राहिलो. इतकं सोपं होतं, आणि कोणाच्या डोक्यात आलं नव्हतं, कारण सांधा पाण्यात लांबीनेच टाकायचा ही सवय.

"पण मग डोंगर कापावे लागतील," मी म्हटलं.

"वही तो रोना है. पहाड नहीं, मेरी कमर कटेगी."

कमर कटली, पण त्यांनी केलं. दोन्ही अर्धे आधी पक्के जोडले, मग करवत आडवी चालवली. डोंगरांचे थर फुटले, काही शेतं निम्मी झाली. ते सांधे लपवायचं काम माझं. जिथे चीर आली तिथे मी दगडी बांध घातले, कुठे बर्चची रांग लावली. बांध आणि झाडं खरोखर तिथे होती का? आर्नेला फोन करून विचारलं. तो म्हणाला, "आमच्याकडे बांध कुठेही असतो, मिसेस रझिया. भावाभावांत काही कमी भांडणं झाली नाहीत." मी म्हटलं, हे तर आमच्यासारखंच झालं.

मग पाणी. तिन्ही तुकड्यांत, मधल्या जुन्या चिरेवरून सलग, एकच रंग, एकच पातळी. निळा नाही, हिरवट काळा. थंड, खोल पाण्याचा रंग. आधी एक नमुना ओतून करामाला घरी आणला आणि सनाला म्हटलं, "डोळे मीट आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत बोट फिरव."

"अम्मी, धिस इज सो वीअर्ड."

"फिरव गं."

तिने फिरवलं. "ओके. ॲम आय सपोज्ड टू फील समथिंग?"

"काही लागलं का?"

"नथिंग."

मी तिची पापी घेतली. तिला का ते समजलं नाही.

पॅकिंगच्या आदल्या दिवशी तिन्ही तुकडे जोडून बघितले. सगळं छान होतं आणि तरी मला चैन पडेना. आर्नेने सांगितलं होतं, माणसं नकोत, जनावरं नकोत, नुसता मुलूख हवा. पण रिकामी खाडी म्हणजे काय? ज्या गावात होडीशिवाय लग्न लागलं नाही, त्याच्या पाण्यात होडी नाही? मी इक्बालभाईंच्या भुशातून एक लाकडाचा तुकडा उचलला आणि ब्लेडने होडी कोरली, शेंगदाण्याएवढी. चर्चच्या काठाजवळ पाण्यावर ठेवली. आर्नेला आवडली नाही तर काढता यावी म्हणून गोंद फक्त एक थेंब लावला. इक्बालभाईंनी वाकून बघितलं, म्हणाले, "यल्ला, रहने दो. पानी अकेला था." दुसऱ्या दिवशी क्रेट बंद झाले. गडबडीत आर्नेला सांगायचं राहून गेलं.

उन्हाळ्यात त्याचा व्हिडिओ आला. मला ते डाउनलोड वगैरे जमत नाही, सनाने लावून दिला. चर्चजवळचा हॉल, भिंतीला खुर्च्या, दोन्ही काठांवरून आलेली माणसं. दक्षिणेचे डावीकडे बसलेले आणि उत्तरेचे उजवीकडे, हे आर्नेने मेसेजमध्ये लिहिलं होतं आणि पुढे हसणारा चेहरा टाकला होता. मधे आमचं मॉडेल. गुद्रूनला हाताला धरून आणलं. केवढीशी बाई, पांढरे केस पिनांनी चापून बसवलेले. हात मात्र मोठे, वल्ही मारलेले.

तिने आधी चर्च शोधलं. मनोऱ्यावर बोट फिरवलं, पायऱ्या चाचपल्या. मग पाण्याकडे वळली, आणि दोन बोटांच्या अंतरावर तिला माझी होडी लागली.

ती थांबली. चिमटीने होडी चाचपली. मग कपाळाला आठी घालून काहीतरी विचारलं. हॉलमध्ये हशा पिकला. आर्ने कॅमेऱ्याकडे बघून इंग्रजीत म्हणाला, "मिसेस रझिया, ती विचारतेय, होडीच्या बाजूला हे लाकूड कुणी बांधलंय?"

मी डोक्याला हात लावला. आमच्याकडे लहान होडी कलंडू नये म्हणून तिच्या एका अंगाला आडव्या काठ्या बांधून समांतर लाकूड सोडतात. उलांडी म्हणतात तिला. वडलांच्या होडीला होती, चुलत्याच्या होडीला होती. माझ्या हातांनी होडी म्हटल्यावर उलांडीसकट कोरली आणि मला विचारलंसुद्धा नाही. नॉर्वेच्या खाडीत रत्नागिरीची होडी! सना खुर्चीतून पडायची बाकी होती.

व्हिडिओत आर्ने बहिणीला सांगत होता. त्याने नंतर लिहिलं की तो एवढंच म्हणाला, ज्या बाईने पाणी केलं ती दुसऱ्या एका खाडीवरची आहे, चूक झाली, मी ती होडी काढतो. त्याने हात पुढे केला. गुद्रूनने त्याच्या हातावर चापट मारली. ताईने धाकट्याला मारावी तशीच, वयाचा काही संबंध नाही.

त्या धक्क्यात गोंदाचा थेंब सुटला. होडी तिच्या बोटांत आली. खुर्च्यांवरून कोणीतरी "ओ!" केलं, आर्ने गडबडला. गुद्रून गडबडली नाही. तिने होडी परत पाण्यावर टेकवली आणि चिमटीत धरून हलवायला लागली. चर्चच्या पायरीपासून, सरळ समोर. उजवीकडची माणसं उठून उभी राहिली, मग डावीकडचीही. ती अगदी सावकाश नेत होती, मधे दोनदा थांबली, जणू वल्ही सोडून दम घेतेय. उलांडीसकट होडी खाडी ओलांडून उत्तर काठाला लागली, आणि गुद्रूनच्या दुसऱ्या हाताने बापाच्या होडीघराचं दार आधीच शोधून ठेवलं होतं. होडी तिने दारात ओढून घेतली आणि वर तळवा झाकला. मग एकच शब्द म्हणाली. आर्नेने तो मला सांगितला नाही, आणि मीही विचारला नाही.

आता मी घरी असते. मॉडेलांच्या जागी मोठे स्क्रीन आलेत, समुद्र कॉम्प्युटरमध्ये ओततात, आणि बिल्डरला हवा तेवढा तो जवळ येतो. इक्बालभाई सियालकोटला परत गेले, ईदला फोन करतात. तो व्हिडिओ मात्र मी अजून लावायला सांगते. सना म्हणते, "अगेन, अम्मी?" आणि लावून देते. मी होडीकडे बघत नाही, गुद्रूनच्या तोंडाकडेही नाही. मी पाण्याकडे बघते. काठापासून काठापर्यंत, मधे कुठेही काही अडलं नाही.